चौकशीची खिडकी
(शताब्दी व्याख्यानमालेत ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने माळव्यातील मराठी वाङ्मयाविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती रास्तच आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी 'संगणकावरील चौकशी आणि न्यायालये' असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, हा विषय वकिलाचा की इंजिनिअरचा?" मी म्हणालो, "वाचकाचा." हे उत्तर मी त्या वेळी सुटका करून घेण्यासाठी दिले होते. नंतर विचार करता ते खरेच आहे असे वाटू लागले. ते का, हे सांगण्याचा आज प्रयत्न करतो. मी संगणकाचा तज्ज्ञ नाही, कायद्याचाही नाही. जे वाचले आणि जाणकारांना विचारून समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

आरंभ मात्र माझ्या हक्काच्या प्रांतातून, म्हणजे शब्दापासून करतो. 'चौकशी' हा आपल्या भाषेतला मोठा विलक्षण शब्द आहे. महाराष्ट्रात रेल्वे स्थानकावर 'चौकशी' अशी पाटी लावलेली खिडकी असते. गाडी किती वाजता येणार, हे तेथे कोणीही विचारावे. विचारणाऱ्याचे नावगाव कोणी पुसत नाही. आजाऱ्याची आपण चौकशी करतो, लग्नासाठी स्थळाची चौकशी करतो. पण हाच शब्द उलटून 'त्याची चौकशी चालू आहे', 'त्याच्यावर चौकशी बसली' असा आला की ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होते. आपल्या उज्जैनच्या स्थानकावर त्या खिडकीला 'पूछताछ' म्हणतात आणि पोलीसही ठाण्यात नेऊन पूछताछच करतात. म्हणजे हिंदीनेही हीच गंमत जपलेली आहे. विचारणारा आणि ज्याला विचारले जाते तो, यांच्यामध्ये एका खिडकीचे अंतर असते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणकाच्या क्षेत्रात असे काही खटले घडले, की माणूस खिडकीवर चौकशी करावयास गेला आणि त्याच्यावरच चौकशी बसली.

मी या ग्रंथालयात प्रथम आलो तो वडिलांचे बोट धरून. त्या काळी कपाटे कुलूपबंद असत. चिठ्ठीवर पुस्तकाचा क्रमांक लिहून द्यावयाचा आणि ग्रंथपाल आतून पुस्तक आणून देत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. एकदा मला काय वाटले कोण जाणे, मी चिठ्ठीवर ओळीने क्रमांक लिहिले: १०१, १०२, १०३. त्या क्रमांकांची पुस्तके कोणती असतील, एवढेच पाहावयाचे होते. काकांनी चिठ्ठी पाहिली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, आणि आतून पुस्तकांऐवजी दाखल नोंदवहीच आणून माझ्यापुढे ठेवली. "बस इथे आणि वाच," म्हणाले. ती दुपार मी त्या नोंदवहीत घालविली. पुढे मराठी घेऊन एम.ए. झालो, त्यात त्या दुपारचा वाटा आहे असे मी मानतो. ही आठवण केवळ आठवण म्हणून सांगितलेली नाही. तिचे काम पुढे पडणार आहे.

काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. एका संस्थेच्या संकेतस्थळावर परीक्षेचे निकाल लागले होते. निकालाचे पान उघडले की वरच्या पत्त्याच्या ओळीत शेवटी त्याचा आसनक्रमांक दिसे. त्याने तो आकडा बदलून मित्राचा घातला; मित्राचे गुणपत्रक उघडले. ते ठीक होते, कारण निकाल पूर्वीही फलकावर लागतच असत. पण त्याच पानावर जन्मतारीख, घरचा पत्ता आणि वडिलांचा मोबाईल क्रमांकही होता. आणखी दोनचार आकडे घालून पाहिले, सर्वांचे तेच. मुलगा सरळ होता. त्याने कार्यालयाला रीतसर अर्ज लिहून हे कळविले, मुलींचे दूरध्वनी क्रमांक असे उघडे राहणे बरे नाही, असेही त्यात लिहिले. आठवड्याभरात त्याला बोलावणे आले. त्याने 'हॅकिंग' केले, पोलिसांत तक्रार का करू नये, याचा खुलासा त्याच्याकडे मागण्यात आला. पुरावा म्हणून त्याचाच अर्ज समोर ठेवला होता. त्याच्या वतीने बोलावयास म्हणून मी बरोबर गेलो होतो. आणि मी काय बोललो? बाहेरच्या व्हरांड्यात त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "अरे, माफीनामा लिहून दे आणि मोकळा हो. वर्ष वाया जाईल." तो म्हणाला, "सर, मी फक्त आकडा बदलला." मी म्हणालो, "ते मला कळते, त्यांना कळणार नाही." त्याने सही केली. पुढे तो माझ्या तासांना नियमित येत राहिला. मात्र प्रश्न विचारीनासा झाला. आजचा विषय मी निवडला तो त्या व्हरांड्यामुळे.

तेव्हा मला वाटले होते की हे आपल्याकडच्या अर्धवट समजुतीमुळे होते. पुढारलेल्या देशांत असे होत नसणार. नंतर वाचू लागलो तेव्हा हा भ्रम फिटला.

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याच्या कॅस परगण्याच्या न्यायालयाने २००८ च्या जानेवारीत दिलेला एक निकाल या बाबतीत प्रसिद्ध आहे. सिएरा कॉर्पोरेट डिझाइन या कंपनीने डेव्हिड रिट्झ नावाच्या गृहस्थावर दावा लावला होता. हे गृहस्थ नको असलेल्या जाहिराती-टपालाविरुद्ध, ज्याला स्पॅम म्हणतात त्याविरुद्ध, चळवळ करणारे. त्यांनी काय केले, ते साध्या शब्दांत सांगतो. इंटरनेटवर प्रत्येक नावामागे एक अंक असतो, आणि 'या नावाचा अंक कोणता?' हे सांगण्यासाठी नेमून ठेवलेले संगणक असतात. त्यांचे कामच विचारणाऱ्याला उत्तर देण्याचे. त्यांना एकेक नाव विचारता येते, तसेच 'तुमच्याकडची सगळी यादी द्या' असेही विचारता येते. यादी द्यावी की न द्यावी, हे त्या संगणकाचा व्यवस्थापक ठरवू शकतो. नको असेल तर तो नकार नोंदवून ठेवतो. रिट्झ यांनी यादी मागितली. समोरून नकार आला नाही, यादी आली. ज्या आज्ञेने त्यांनी ती मागितली, तिचे नाव 'होस्ट'. युनिक्स पद्धतीच्या संगणकांवर ती सर्रास असते आणि जाळ्यांची देखभाल करणारे लोक अशा आज्ञा रोज वापरतात.

न्यायालयाने म्हटले की अशी पूर्ण यादी मागण्याची सोय त्याच मालकाच्या दुसऱ्या संगणकासाठी असते. बाहेरच्याने ती मागणे म्हणजे परवानगीवाचून केलेला प्रवेश. साठ हजार डॉलरांहून अधिक भरपाई रिट्झ यांच्यावर बसली. त्यांचा हेतू न्यायालयाला शुद्ध वाटला नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. मिळालेली माहिती त्यांनी जाहीरही केली होती, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे शक्य आहे. पण निकालाचा पाया तेथे राहिला नाही. विचारणे हीच घुसखोरी ठरली. माझ्या काकांनी नोंदवही स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवली आणि मग शंभर वर्षांनी कोणी म्हणाले की ती नोंदवही फक्त ग्रंथपालांसाठी होती, म्हणून हा मुलगा चोर, तर जसे होईल तसे हे झाले.

दुसरा खटला इंग्लंडमधला. २००४ च्या डिसेंबरातली त्सुनामी आपण कोणी विसरलेलो नाही. तिच्या मदतनिधीसाठी लंडनमध्ये एक संकेतस्थळ उघडले होते. डॅनियल कथबर्ट या संगणक-सुरक्षेत काम करणाऱ्या तरुणाने तेथे ३० पौंड देणगी दिली. पोच नीट आली नाही. तेव्हा हे संकेतस्थळ खरे की देणगी लुबाडणाऱ्या ठगांचे, अशी त्याला शंका आली. त्याने पत्त्याच्या ओळीत दोन टिंबे आणि तिरपी रेघ असा खुणांचा एक संच टाकून पाहिला. त्याचा अर्थ, 'एक पायरी वर जा.' आत काही मिळाले नाही, त्याने काही घेतले नाही. तरी तिकडे धोक्याची घंटा वाजली, आणि २००५ च्या ऑक्टोबरात दंडाधिकाऱ्यांनी त्याला दोषी ठरविले. ४०० पौंड दंड, ६०० पौंड खर्च. दुष्ट हेतू नव्हता हे दंडाधिकाऱ्यांनी मान्य केले आणि निकाल देताना खेदही व्यक्त केला. येथे गुंतागुंत आहे, हे मी कबूल करतो. दाराचे हँडल फिरवून पाहणे आणि पाटी वाचणे यांत फरक आहे, आणि कथबर्टने हँडलला हात लावला होता. रिट्झ आणि कथबर्ट या दोघांना मी एका तागडीत घालणार नाही. पण कायद्याला हँडल, पाटी आणि कुलूप यांतला फरकच दिसत नसेल, तर खेद व्यक्त करण्याखेरीज न्यायाधीशाच्या हाती तरी काय उरते?

आता ज्या प्रकरणाने मला सर्वांत अस्वस्थ केले, त्याकडे येतो. ते एका ग्रंथालयाचे आहे.

जपानमध्ये आइची प्रांतात ओकाझाकी नावाचे शहर आहे. तेथील नगर ग्रंथालयाचा एक वाचक, वयाने चाळिशीच्या आतबाहेरचा, व्यवसायाने संगणकाचे कार्यक्रम लिहिणारा. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर नव्या पुस्तकांची यादी असे, पण कोणते पुस्तक नेमके कधी आले ते तिच्यावरून कळत नसे. आपण सभासद ज्या तक्रारी अभिप्राय-वहीत लिहितो, त्यातलीच ही. त्याने तक्रार न लिहिता एक छोटा कार्यक्रम लिहिला. तो दररोज संकेतस्थळावर जाई, यादीतली पुस्तके एकामागून एक पाही आणि नवीन काय आले ते टिपून ठेवी. वेग, सेकंदाला सुमारे एक विचारणा. जाणकार सांगतात की आजच्या संगणकाला हा वेग म्हणजे काहीच नव्हे. पण २०१० च्या वसंतात ग्रंथालयाचे संकेतस्थळ अधूनमधून बंद पडू लागले. इतर वाचक तक्रार करू लागले. ग्रंथालयाने पोलिसांकडे धाव घेतली आणि २५ मे २०१० रोजी, कामकाजात अडथळा आणल्याच्या संशयावरून, या वाचकाला अटक झाली. वीस दिवस तो कोठडीत होता. नंतर खटला न भरता त्याला सोडले. पण तेथील पद्धतीप्रमाणे ते सोडणे 'गुन्हा नव्हताच' असे म्हणून नव्हते, 'गुन्हा आहे पण खटला भरत नाही' अशा स्वरूपाचे होते.

पुढे वृत्तपत्रांनी आणि संगणक जाणणाऱ्या नागरिकांनी खोलात जाऊन पाहिले, तेव्हा दोष ग्रंथालयाला पुरविलेल्या संगणक-प्रणालीत निघाला. प्रत्येक विचारणेसाठी ती आत एक जोड उघडी आणि काम झाले तरी काही मिनिटे तसाच धरून ठेवी. जोडांची संख्या मर्यादित. ती संपली की नव्या माणसाला दार बंद. म्हणजे देवघेवीच्या खिडकीवरील कारकुनाने प्रत्येक वाचकाला पुस्तक दिल्यावरही दहा मिनिटे समोरच उभे करून ठेवावे आणि मग रांग लांबली म्हणून रांगेतल्या वाचकाला पोलिसांच्या हवाली करावे! त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात प्रणाली पुरविणाऱ्या कंपनीने दोष मान्य करून क्षमा मागितली. वाचकाचे कोठडीतले वीस दिवस मात्र परत आले नाहीत.

मित्रहो, त्या ग्रंथालयातील माणसे दुष्ट नव्हती. आपल्यासारखीच होती. यंत्र बिघडले, आणि ज्याने ते सर्वांत अधिक वापरले त्याच्याकडे बोट गेले. माझा जीव येथे अडकतो. ग्रंथालयाने आपल्याच सर्वांत उत्साही वाचकाविरुद्ध फिर्याद दिली, आणि ती देताना आपण काही चूक करीत आहोत असे कोणालाही वाटले नाही. मी व्हरांड्यात उभा होतो, तेव्हा मलाही वाटले नव्हते.

आता आपल्या देशाकडे वळू. आपला माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० सालचा. त्या वर्षी १७ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. त्याच्या ६६ व्या कलमात आरंभी 'हॅकिंग' हा शब्दच होता. २००८ साली दुरुस्ती झाली, ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली आणि तो शब्द तेथून गेला. आता ४३ वे कलम सांगते की मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश केला, माहिती उतरवून घेतली किंवा तिची प्रत केली, तर भरपाई द्यावी लागेल. आणि ६६ वे कलम सांगते की हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले तर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'अप्रामाणिकपणे वा कपटाने' हे शब्द मोलाचे आहेत. कथबर्टच्या दंडाधिकाऱ्यांना असे शब्द हाताशी असते, तर कदाचित खेद व्यक्त करावा लागला नसता. पण भरपाईच्या कलमात ते शब्द नाहीत. तेथे सारा भार 'परवानगी' या एका शब्दावर आहे. आणि उघड्या संकेतस्थळाची परवानगी म्हणजे काय? ज्याने दार उघडे ठेवले, त्याने ती दिली असे धरावे, की लेखी मिळेपर्यंत नाही असे धरावे? हे कलम वाचून कळत नाही. माझ्या विद्यार्थ्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्यांना मात्र ते पक्के कळले होते.

२०१५ च्या जूनमध्ये बंगळूरच्या एका संगणक-तज्ज्ञाला असाच अनुभव आला. आपण पाहत असलेल्या पानांत मध्येच कोणीतरी परका मजकूर मिसळत आहे, असे त्याला दिसले. कोणत्याही ब्राउझरमध्ये 'पानाचा मूळ मजकूर पाहा' अशी सोय असते, ती वापरून त्याने तो मजकूर शोधला आणि लोकांपुढे ठेवला. त्यावर एका इस्रायली कंपनीच्या वतीने मुंबईच्या वकिलांची नोटीस आली, माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचा हवाला देऊन. स्वतःच्या पडद्यावर आलेला मजकूर स्वतः वाचणे, एवढाच मूळ प्रकार!

अज्ञानाची दुसरी बाजूही आपल्याच महाराष्ट्रात घडली आहे. २००७ साली छत्रपती शिवाजी महाराजांविषयी एक अवमानकारक मजकूर इंटरनेटवर आला. पुण्याच्या पोलिसांनी तपास केला, सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडून इंटरनेटचा अंकी पत्ता कोणाचा ते विचारले, आणि ३१ ऑगस्ट रोजी बंगळूरहून एका तरुण अभियंत्याला धरून आणले. तो येरवड्याच्या तुरुंगात ५० दिवस होता. पत्ता त्याचा नव्हताच. कंपनीने चुकीच्या ग्राहकाचे नाव दिले होते. एकीकडे सामान्य माणसाने यंत्राला प्रश्न विचारला तर तो गुन्हा, आणि दुसरीकडे यंत्राने अधिकाऱ्याला दिलेले उत्तर म्हणजे वेदवाक्य. दोन्ही ठिकाणी यंत्र काय करते, हे कोणी विचारलेले नसते.

मला वाटते, गोंधळाचे एक मूळ शब्दांत आहे, आणि येथे मी पुन्हा माझ्या प्रांतात येतो. आपण 'संकेतस्थळावर गेलो', 'आत शिरलो', 'पान उघडले' असे बोलतो. प्रत्यक्षात कोणी कोठे जात नाही. आपण पत्र पाठवितो आणि समोरून उत्तर येते. पण न्यायाधीशही भाषेतच विचार करतात; 'शिरलो' म्हटले की घर आले, घर आले की उंबरठा आला आणि उंबरठा ओलांडणारा चोर झाला. आपल्या गावात वेधशाळा आहे. सवाई जयसिंगांनी बांधलेली, १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराने जीर्णोद्धार केलेली. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदांनी तेथे काम केले. 'वेध' या शब्दाचा मूळ अर्थ भोक पाडणे. कान टोचण्याला आपण कर्णवेध म्हणतो. तरी शंकूच्या सावलीवरून सूर्याचा वेध घेतला म्हणून सूर्याला भोक पडले, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. असो.

याचा अर्थ जे उघडे दिसते ते सर्व उचलावे, असे मी म्हणत नाही. त्या निकालाच्या पानांवरून एखाद्याने सगळ्या मुलींचे क्रमांक उतरवून वाटले असते, तर मी स्वतः त्याला पोलिसांकडे नेले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी व्हॅन ब्युरेन खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला. तेथे एका पोलिसाने पैसे घेऊन वाहनाच्या क्रमांकावरून कोणाची तरी माहिती सरकारी नोंदींत पाहिली होती. न्यायालय म्हणाले, फाटक त्याला उघडे होते की बंद, एवढेच घुसखोरीच्या कायद्यात पाहावयाचे. उघडे होते, म्हणून घुसखोरी नाही. त्या पोलिसाचे कृत्य मला किळसवाणे वाटते आणि त्याला शिक्षा व्हावी असेही वाटते, पण लाचेच्या आणि विश्वासघाताच्या कायद्याखाली. प्रत्येक वाईट गोष्टीला एकच कलम लावू लागलो, की ते कलम चांगल्या गोष्टींनाही लागू लागते.

शेवटी आपल्या घरचा प्रश्न. आपल्या ग्रंथालयाची तालिका संगणकावर चढविण्याचे काम सुरू झाले आहे. जुन्या कार्डांवरचा मजकूर टंकित करणाऱ्या दोन्ही स्वयंसेवक भगिनींचे करावे तेवढे कौतुक थोडे. संकेतस्थळासाठी जो मसुदा आला आहे, त्यात तळाशी एक वाक्य आहे की अनधिकृत वापर करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल. अधिकृत वापर कोणता, ते मात्र कोठेही लिहिलेले नाही. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की ते वाक्य तसेच ठेवू नये. पुस्तकांची यादी कोणीही पाहावी, उतरवून घ्यावी, यंत्राने उतरवून घेतली तरी हरकत नाही, असे स्पष्ट लिहावे. कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक नेले, त्याचा दूरध्वनी क्रमांक काय, या गोष्टी त्या यंत्रावर ठेवूच नयेत. त्यांना कुलूप लावणे हे आपले काम आहे, वाचकाचे नव्हे. आणि एखाद्या मुलाला आपल्या व्यवस्थेत भोक सापडलेच, तर त्याने कोणाला सांगावे, त्या पदाधिकाऱ्याचे नाव फलकावर असावे आणि सांगणाऱ्यावर चौकशी बसणार नाही, हेही तेथेच लिहिलेले असावे.

तो माफीनामा अजून त्या कार्यालयाच्या फायलीत आहे. तो विद्यार्थी आता इंदूरला नोकरी करतो, त्याची संमती घेऊन मी गेल्या महिन्यात तेथे अर्ज दिला आहे की तो माफीनामा रद्द करून परत करावा, आणि तो लिहून देण्याचा सल्ला माझा होता, हेही अर्जात नमूद केले आहे. अर्जाची पोच मिळाली. उत्तर अजून यावयाचे आहे.